कॅज्युअल्टीचं दार मनाच्या आजारालाही उघडं ठेवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

प्रत : आमच्या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी व जिल्हा शल्य चिकित्सक

महोदय,

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीशेजारी गेल्या उन्हाळ्यात एक कागद चिकटवला गेला. वहीचं फाडलेलं पान, त्यावर निळ्या स्केचपेननं लिहिलेलं : 'मानसिक रुग्णांना येथे तपासले जाणार नाही. थेट जिल्ह्याला न्यावे.' खाली सही नाही, शिक्का नाही, जावक क्रमांक नाही. कुणाच्या आदेशानं लावला, असं विचारलं तर उत्तर मिळालं, 'वरून आलं आहे.' लेखी आदेश मागितला, तो मिळाला नाही. पावसाळ्यात त्या कागदाचा एक कोपरा सुटला, तेव्हा कुणीतरी त्यावर नवी चिकटपट्टी लावली. म्हणजे तो चुकून राहून गेलेला नाही, तो तिथे हवा आहे म्हणून आहे.

मी उभी नोकरी विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून केली. बाळंतपणं, साप चावलेले, फवारणीची विषबाधा झालेले, बैलानं मारलेले, वीज पडलेले, सगळे पाहिले. मोठा इलाज आमच्याकडे नसायचा. पण आलेल्या माणसाला आधी आत घ्यायचं, तपासायचं, शिरेत सुई टाकायची, श्वास चालू ठेवायचा आणि मग पुढे पाठवायचं, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं गेलं. तालुक्याला हृदयरोगतज्ज्ञ नसतो, म्हणून छातीत दुखणाऱ्याला आपण फाटकातून परत पाठवत नाही. ज्याचं चित्त थाऱ्यावर नाही, त्यालाच का पाठवायचं?

माझं या प्रश्नाशी घरचंही नातं आहे, ते आधीच सांगून टाकते. माझा धाकटा दीर शेती करतो. काही वर्षांपूर्वी सोयाबीन काढणीच्या दिवसांत त्याची झोप गेली. आम्हाला वाटलं, मालाच्या भावाची काळजी असेल, सोसायटीच्या कर्जाची असेल. मग तो रात्री-बेरात्री उठून धुऱ्यावर जाऊन बसायला लागला. शेजारच्या शेतातला माणूस मोबाईलमधून आपलं बोलणं ऐकतो, असं म्हणायचा. सिम काढून विहिरीत टाकलं. एका रात्री जेवणात कुणी काही कालवलं आहे म्हणून त्यानं ताट भिरकावलं आणि विळा घेऊन दारात बसला. कुणाला मारायला नाही. आपल्याला न्यायला लोक येणार आहेत, असं त्याला वाटत होतं. भीतीनं त्याचे पाय लटपटत होते.

आम्ही त्याला तालुक्याला नेलं. तेव्हा भिंतीवर कागद नव्हता, पण उत्तर हेच होतं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी खुर्चीवरून न उठता चिठ्ठी लिहिली. ताप पाहिला नाही, बीपी नाही, साखर नाही. किती दिवस झोपलेला नाही, आधी काही औषध चालू होतं का, दारू घेतो का, एक प्रश्न नाही. केसपेपरवर एकच ओळ : 'मानसिक रुग्ण, पुढे पाठवले.' एकशे आठला फोन लावला तर विचारलं, पेशंट शांत आहे का, नसेल तर पोलीस सोबत लागतील. ठाण्यात गेलो तर, आधी दवाखान्याचं पत्र आणा. शेवटी गावातल्या एका मालवाहू गाडीत, बैलाच्या दाव्यानं हात बांधून त्याला जिल्ह्याला न्यावं लागलं. मनगटाची साल निघाली. सासूबाई वाटभर त्याच्या तोंडावरून पदर फिरवत होत्या आणि तो मला एकच विचारत होता, 'वहिनी, तुमी तं सिस्टर हाय ना? मंग मले काहून बांधलं?'

आज तो औषधावर बरा आहे. वखर चालवतो, वेचणीला बाया सांगतो, पोराची फी वेळेवर भरतो. पण दवाखाना म्हटलं की त्याचा चेहरा बदलतो. गोळ्या संपत आल्या की घरात वाद होतो, कारण त्याला त्या इमारतीत पाय ठेवायचा नसतो. पहिल्या रात्री कुणी त्याला माणसासारखं खुर्चीवर बसवून दोन शब्द विचारले असते, तर पुढची वर्षं आम्हा सगळ्यांना सोपी गेली असती. हे माझ्या घरचं झालं. खाली लिहिते ते कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, उभं राहून पाहिलेलं आहे.

पहिली तक्रार : तपासण्याआधीच 'मानसिक' असा शिक्का मारला जातो.

एका म्हातारीला मुलगा-सून घेऊन आले होते. सकाळपासून बरळते, नातवाला ओळखत नाही, लुगडं फेडते. आधी देवळात नेऊन आणलेलं, कपाळावर अंगारा. घरच्यांच्या मते बाहेरचं झालेलं, वॉर्डबॉयच्या मते डोकं फिरलेलं. बोटाला सुई टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला, साखर ३८, म्हणजे फारच खाली. मधुमेहाच्या गोळ्या नेमानं घेतलेल्या आणि दोन दिवस पोटात अन्न नाही. ग्लुकोज शिरेतून गेलं आणि थोड्या वेळानं ती उठून बसली. पहिलं वाक्य, 'माही चप्पल कोठी आहे?' सून रडायलाच लागली. त्या दिवशी भिंतीवर हा कागद असता आणि तो कुणी पाळला असता, तर ती बाई जिल्ह्याच्या रस्त्यातच गेली असती.

साखर हे एक झालं. गडचिरोलीकडचा मेंदूत गेलेला मलेरिया, दुचाकीवरून पडून डोक्याला लागलेला मार, मेंदूज्वर, रक्तातलं सोडियम उतरणं, फिट येऊन गेल्यावरची गुंगी, विषबाधेत ॲट्रोपिन (कीटकनाशकाच्या विषावरचं औषध) जास्त झालेला माणूस, हे सगळे बाहेरून 'वेडे' दिसतात. वय झालेल्या माणसाचं वागणं एका-दोन दिवसांत एकदम बदललं तर आधी शरीरात काय बिघडलं ते शोधायचं, हे नर्सिंगच्या पोरींनाही शिकवलेलं असतं. आणि याची उलटी बाजूही तितकीच वाईट आहे. ज्याच्या फाईलवर आधीच मनोरुग्ण लिहिलेलं असतं, त्यानं छातीत दुखतं म्हटलं की 'तो काहीबाही सांगतच असतो' म्हणून त्याचा ईसीजी काढला जात नाही. त्याला पोटदुखी नसते, त्याला ताप नसतो, त्याला फक्त त्याचा आजार असतो. या समजुतीनं माणसं मरतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संसदेनं केला आणि २०१८ पासून तो लागू आहे. त्याचं कलम २१ सांगतं की मानसिक आजारासाठीची तातडीची सेवा शारीरिक आजाराइतक्याच दर्जाची आणि तितकीच उपलब्ध असली पाहिजे. कलम ९४ सांगतं की जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका असेल, किंवा तो माणूस स्वतःला वा दुसऱ्याला गंभीर इजा करेल अशी वेळ असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, कोणत्याही दवाखान्यात, मानसिक आजारावरही तातडीचा उपचार करू शकतो. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी (बहुतेक वेळा जवळचा नातेवाईक) उपलब्ध असेल तर त्याची संमती घ्यायची. हा उपचार ७२ तासांपर्यंत देता येतो. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मग वहीच्या पानावरचा हा आदेश कोणत्या कायद्यातून आला?

दुसरी तक्रार दारू सुटण्याच्या त्रासाची. वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी असलेल्या जिल्ह्यांतही आणि नसलेल्यांतही वॉर्डात दिसणारं चित्र एकच. रोज पिणारा माणूस पाय मोडून किंवा कावीळ होऊन दाखल होतो. दारू अचानक बंद होते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागतात, घामानं चादर भिजते, भिंतीवर किडे दिसतात, तो सलाईन ओढून काढतो, दाराकडे पळतो. मग वॉर्डबॉय आणि नातेवाईक मिळून त्याला बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेला बांधतात आणि 'पेशंट त्रास देतो' म्हणून सकाळी त्याची रवानगी होते. हा त्रास देणं नाही, हा आजार आहे, आणि उपचार न झाल्यास त्यात जीव जातो. यावर लागणारं डायझेपाम किंवा लोराझेपाम आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं महाग नाहीत. डायझेपाम तर फिटसाठी म्हणून कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये ठेवलेलंच असतं. नसतो तो दाखल करतानाचा एक प्रश्न : रोज किती पिता, शेवटची केव्हा घेतली?

तिसरी तक्रार आमच्या भागाचं खरं दुखणं आहे : विष घेऊन वाचलेल्या माणसाला नंतर कुणी विचारत नाही.

कापसाच्या पट्ट्यात फवारणीच्या हंगामात कॅज्युअल्टीतल्या नर्सला माणूस आत यायच्या आधीच औषधाचा, म्हणजे कीटकनाशकाचा, वास येतो. अंगावरचे कपडे काढायचे, साबणानं धुवायचं, ॲट्रोपिन सुरू करायचं, छातीतली घरघर कमी झाली का ते ऐकत राहायचं, डोळ्यांच्या बाहुल्या पाहत राहायच्या, मान उचलता येते का ते दर थोड्या वेळानं तपासायचं. हे आमच्या हातांना पाठ आहे. ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टर-नर्सनी असे किती जीव ओढून आणले, त्याचं कौतुक कुणी केलं नाही आणि आम्ही मागितलंही नाही.

पण माणूस वाचला की आमचं काम संपल्यासारखं होतं. चार-पाच दिवसांनी सुट्टी. कार्डावर लिहितात, 'विषबाधा, प्रकृती सुधारली.' त्यानं ते का घेतलं हे कार्डात नसतं, कारण कुणी विचारलेलं नसतं. विचारलंच तर राऊंडला उभ्या-उभ्या, अख्ख्या वॉर्डासमोर, 'काहून घेतलं बे?' आणि शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक कान टवकारून.

एक नवी सून मला आठवते. दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. नवरा आणि सासू खाट सोडत नव्हते. मी त्यांना चहा आणायला बाहेर पाठवलं, स्टूल ओढून बसले आणि हळूच विचारलं. ती म्हणाली, 'सिस्टर, मले मराचं नोतं. हे थांबाले पाह्यजे होतं फकस्त.' काय थांबायला पाहिजे होतं तेही तिनं सांगितलं. ते इथे लिहिणार नाही. तिला त्याच घरी, त्याच माणसांसोबत पाठवलं गेलं. जाताना समुपदेशकाशी गाठ नाही, पुढची तारीख नाही, गावच्या आशाताईला निरोप नाही. मी वर सांगितलं, तर म्हणाले, 'कौटुंबिक मॅटर आहे, आपण पडायचं नाही.' ती आज कशी आहे ते रुग्णालयाच्या कोणत्याही रजिस्टरात सापडणार नाही.

एकदा आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला घरी गेल्यावरचे पहिले आठवडे आणि महिने सर्वांत धोक्याचे असतात. त्यावरचा उपायही माहीत आहे आणि तो स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत, त्यात आपलं चेन्नईही होतं, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर इमर्जन्सीत आलेल्या १,८६७ जणांचा अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचा उपचार मिळाला. दुसऱ्या गटाला त्याशिवाय सुट्टीच्या सुमारास तासभर एकट्याला बसवून माहिती आणि बोलणं, आणि नंतर १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. पहिल्या गटात आत्महत्येनं गेलेले शेकडा २.२, दुसऱ्या गटात ०.२. महोदय, हा फरक तासभराच्या बोलण्याचा आणि नऊ फोन-भेटींचा आहे. आणि ते फोन प्रशिक्षण घेतलेली परिचारिकाही करू शकते.

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रात. राज्यांमध्ये सर्वांत जास्त. आमच्याकडे कर्जबाजारी शेतकरी गेला की तलाठी येतो, ठाणेदार येतो, पंचनामा होतो, समिती बसते, प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरतं, आणि पात्र ठरलं तर घरच्यांना एक लाख रुपये मिळतात. मेलेल्याची अशी फाईल होते. जो वाचला त्याची फाईल कुठल्याच टेबलावर नाही. त्याला वाचवलं सरकारी दवाखान्यानं, आणि सोडलंही त्यानंच.

शासनानं काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. शेतकरी आत्महत्या होणाऱ्या जिल्ह्यांसाठी २०१५ साली प्रेरणा प्रकल्प आला, आशाताई घरोघर जाऊन झोप लागते का, कामात मन लागतं का, असं विचारू लागल्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तो चोवीस तास, फुकट आणि मराठीतही आहे. हे पत्र वाचणाऱ्या कुणाला स्वतःसाठी किंवा घरातल्या माणसासाठी गरज वाटली तर त्यानं लाजू नये, तो क्रमांक लावावा. पण फोनवरून इंजेक्शन देता येत नाही, साखर तपासता येत नाही. आणि आशाताईनं गावात शोधून, समजावून, स्वतःच्या पदरचे ऑटोचे पैसे घालून आणलेला माणूस रुग्णालयात पोचला की तिला तो कागद दाखवायचा, मग तिनं सर्व्हे कशासाठी केला?

चौथी तक्रार पोलिसांच्या भीतीची आहे. विषबाधा एमएलसी (पोलिसांशी संबंधित वैद्यकीय केस) असते, ठाण्याला कळवावं लागतं, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण नळी नाकात असलेल्या माणसाचं बयान घ्यायला शिपाई खाटेशी उभा राहतो, 'केस होईल' असं दरडावतो, आणि घरचे घाबरून खोटं सांगतात. फवारताना तोंडात गेलं, पाण्याची बाटली समजून पिलं. कोणतं औषध, किती, केव्हा, सगळंच खोटं, आणि डॉक्टरांना उपचार त्या खोट्या माहितीवर करावा लागतो. खरं तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे, उलट सिद्ध होत नाही तोवर, प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानायचं आहे, त्याच्यावर त्यासाठी खटला चालवायचा नाही, आणि त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. ही गोष्ट खेड्यात कुणाला माहीत नाही. कॅज्युअल्टीच्या भिंतीवर कागद लावायचाच होता तर तो हा लावायला हवा होता.

पाचवी, दावी आणि दोर. माझ्या दिरासारखे बांधून आणलेले किती जण मी उतरवून घेतले. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ मध्ये रुग्णवाहिकेचा हक्कही स्पष्ट लिहिला आहे, इतर आजाऱ्यांना जशी मिळते तशीच. साखळीनं बांधायला कलम ९५ ची पूर्ण बंदी आहे. कलम ९७ म्हणतं की दुसरा कोणताच मार्ग नसेल तेव्हाच, आवश्यक तेवढाच वेळ बांधता येईल, त्याची नोंद ठेवावी लागेल, आणि कर्मचारी कमी आहेत हे कारण चालणार नाही. आपल्याकडे ते एकमेव कारण असतं.

सहावी, गोळ्या. त्याच कायद्यानं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत आवश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं कायम फुकट मिळायला हवीत. इथे या महिन्यात एक असते तर पुढच्या महिन्यात दुसरी नसते. गोळ्यांसाठी जिल्ह्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी, सोबतच्याची मजुरी. लोक एक महिना टाळतात, मग दोन. मग एका रात्री तो माणूस पुन्हा दारात विळा घेऊन बसतो आणि आपण त्याला इमर्जन्सी म्हणतो. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी प्रादेशिक मनोरुग्णालय एकच, नागपूरचं, तेही १८६४ सालचं. खामगावहून ते तीनशे किलोमीटरच्या आसपास, सिरोंच्याहून पोचायला अख्खा दिवस जातो. 'थेट पुढे न्या' असं लिहिणाऱ्यानं एकदा नकाशा पाहायला हवा होता.

आता डॉक्टरांच्या बाजूनंही लिहिते, कारण मी त्यांच्याच शेजारी उभी राहिले आहे. रात्री एक मेडिकल ऑफिसर, एक सिस्टर, एक वॉर्डबॉय. आत बाळंतीण कळा देतेय, बाहेर अपघाताचे दोघे, आणि तेवढ्यात चार माणसांनी धरलेला पाचवा. एमबीबीएसला मानसोपचाराचा अनुभव जेमतेम काही आठवड्यांचा. कुणी हात उगारला तर मदतीला कुणी नाही. त्या पोराला भीती वाटते आणि ती खरी आहे. पण भीतीवर उपाय म्हणून रुग्णालाच दाराबाहेर ठेवायचं, हा निर्णय त्या पोराचा नाही. कलम ३१ प्रमाणे सरकारी दवाखान्यांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीच्या मानसिक उपचाराचं प्रशिक्षण देणं हे सरकारचं किमान काम आहे. ते झालं असतं तर असा कागद लावायची वेळ आली नसती.

म्हणून माझ्या आणि या पत्राशी सहमत असलेल्या आमच्या तालुक्यातल्या लोकांच्या मागण्या :

१. असे कागद जिथे जिथे लावलेत तिथून काढावेत. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत मानसिक त्रासाचा रुग्ण चोवीस तास तपासला जाईल, असं आपल्या सहीचं परिपत्रक काढावं. पुढे पाठवायचं तर काय तपासलं, काय दिलं आणि का पाठवलं हे सहीनिशी लिहून द्यावं.

२. केसपेपरवरच चौकट छापावी : ताप, नाडी-बीपी, ऑक्सिजन, साखर, डोक्याला मार, दारू. ही चौकट भरल्याशिवाय 'मानसिक' हा शब्द लिहायचा नाही.

३. माणूस शांत करण्याची इंजेक्शनं आणि ब-१ कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये, नेहमीच्या गोळ्यांचा पुढच्या दोन महिन्यांचा साठा तालुक्याला.

४. सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, परिचारिकांना आणि वॉर्डबॉयनाही प्रशिक्षण. पुस्तकी नको. बोलून कसं शांत करायचं, अंतर किती ठेवायचं, दाराकडची वाट कशी मोकळी ठेवायची, हे करून दाखवणारं हवं. शिवाय रात्री-अपरात्री ड्युटीवरच्या डॉक्टरला सल्ला विचारता येईल असा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागाचा एक ठरलेला फोन.

५. विषबाधेतून किंवा प्रयत्नातून वाचलेल्या प्रत्येकाशी सुट्टीआधी एकट्यानं, दार लोटून बोलावं. त्यासाठी प्रत्येक रुग्णालयात एक खोली. नंतर दीड वर्षात नऊ संपर्क, त्याच्या संमतीनं आशाताईला जोडून, आणि त्या कामाचं आशाताईला वेगळं मानधन. घरातच मारहाण होत असेल तर त्या बाईला घरी पाठवण्याआधी संरक्षण अधिकाऱ्याशी गाठ घालून द्यावी. 'कौटुंबिक मॅटर' हे उत्तर बंद व्हावं.

६. एकशे आठला लेखी सूचना : मानसिक रुग्ण नाकारायचा नाही. बांधावं लागलं तर का, किती वेळ, कुणी, याचं रजिस्टर.

७. पोलीस खात्याशी बोलून असं ठरवावं की डॉक्टरांच्या परवानगीशिवाय खाटेशी बयान घेतलं जाणार नाही. ठाणेदारांना कलम ११५ लेखी कळवावं.

८. दर तीन महिन्यांनी प्रत्येक तालुक्याचे आकडे जाहीर व्हावेत. किती आले, किती पुढे पाठवले, वाचलेल्यांपैकी किती जणांशी नंतर संपर्क झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंधक धोरणात पाच वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात आत्महत्या रोखण्याची सेवा देणारी मानसोपचार ओपीडी देण्याचं म्हटलं आहे. ती पाच वर्षं २०२७ च्या नोव्हेंबरात पूर्ण होतात. ही ओपीडी आमच्या जिल्ह्यात आठवड्याचे किती दिवस, किती तज्ज्ञांसह चालते, तेही त्या आकड्यांत असावं.

यातली कोणतीही मागणी नव्या इमारतीवाचून अडून राहणारी नाही. बहुतेकांना पैशापेक्षा आदेश लागेल, आणि तो पाळला जातो का ते पाहणारा माणूस लागेल. प्रशिक्षण सुरू झालं तर मी आणि माझ्यासोबत निवृत्त झालेल्या दोघी-तिघी रात्रपाळीला नव्या मुलींच्या शेजारी उभं राहायला तयार आहोत. मानधन नको. कुठे आणि केव्हा यायचं तेवढं कळवा.

आठपैकी कोणती मागणी कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होईल आणि त्यासाठी जबाबदार अधिकारी कोण, हे आपण लेखी कळवावं. जी मान्य नसेल तिचं कारण लिहावं. आलेलं उत्तर पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवू आणि त्याची प्रत तालुक्यातल्या प्रत्येक आशाताईच्या हातात देऊ.

आपली,
ग्रामीण रुग्णालयातील एक निवृत्त परिचारिका